रडणाऱ्या माणसाकडे

लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातल्या डेबोरा कस्टन्स आणि जेनिफर मेयर यांचा २०१२ सालचा एक प्रयोग आहे. कुत्र्याच्या स्वतःच्या घरात, दिवाणखान्यात त्याचा मालक आणि एक अनोळखी बाई बसायची. दोघं आळीपाळीने कधी बोलायची, कधी गुणगुणायची, कधी खोटंखोटं रडायची. गुणगुणणं मुद्दाम घेतलं होतं. कुत्रा नुसत्या वेगळ्या आवाजाच्या कुतूहलाने उठतो का, हे त्यातून कळणार होतं. १८ पैकी १५ कुत्री रडणाऱ्या माणसाकडे गेली, गुणगुणणाऱ्याकडे त्याहून खूपच कमी. आणि परकी बाई रडू लागली, तरी कुत्रा धीर शोधायला मालकाकडे न जाता त्या बाईजवळ जायचा, बहुतेक वेळा दबकत, नमून.

याला सहानुभूती म्हणायचं का, याबद्दल संशोधक जपून बोलतात. रडणाऱ्या माणसाने पूर्वी कधी जवळ घेतलं असेल, त्याचीही ही सवय असू शकते. असेना! परक्या माणसाच्या हुंदक्याकडे पावलं वळतात, एवढंच मला थक्क करायला पुरेसं आहे.

त्याच वर्षी, १४ डिसेंबरला, अमेरिकेतल्या न्यूटाउन गावच्या सँडी हूक प्राथमिक शाळेत गोळीबार झाला. सहा-सात वर्षांची २० मुलं आणि शाळेतली ६ मोठी माणसं गेली. काही दिवसांतच शिकागोजवळच्या लुथरन चर्च चॅरिटीज या संस्थेचे स्वयंसेवक हजारावर किलोमीटर पार करून आपले गोल्डन रिट्रीव्हर घेऊन तिथे पोचले. नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठातल्या २००८च्या गोळीबारानंतर या संस्थेने हे काम हाती घेतलं होतं. कुत्र्यांच्या अंगावरच्या जॅकेटवर ‘मला कुरवाळा’ अशा अर्थाचे शब्द आणि प्रत्येकाचं स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड. मुलं येत, जमिनीवर बसत, त्या दाट केसांत बोटं खुपसून नुसती बसून राहत. काही कुत्र्याशी बोलत, काही अजिबात बोलत नसत. बोललंच पाहिजे, अशी तिथे सक्ती नव्हती.

आपल्याकडे दुःखाच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, “कसं झालं हो?” आणि घरातल्यांना तीच हकिकत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. वर समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलं की त्यालाही सांभाळावं लागतं. कुत्र्यापुढे यातलं काहीच करावं लागत नाही. न्यू यॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांना हे योगायोगाने उमगलं. भेटीच्या ठरलेल्या वेळेआधी आलेला, कुणाशीही न मिसळणारा एक मुलगा त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी रमला आणि त्याच्या आधाराने हळूहळू डॉक्टरांशीही बोलता झाला. १९६१ साली लेव्हिन्सननी हे परिषदेत मांडलं, तेव्हा काही सहकाऱ्यांनी त्यांची थट्टाच केली.

शरीरात नेमकं काय होतं, याचे धागे आता सापडू लागले आहेत. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २४९ विद्यार्थ्यांचे गट पाडले होते. काहींनी १० मिनिटं कुत्र्या-मांजरांना प्रत्यक्ष कुरवाळलं, काहींनी रांगेत उभं राहून इतरांना कुरवाळताना पाहिलं, काहींनी नुसते फोटो पाहिले. कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक ठळकपणे उतरलं ते कुरवाळणाऱ्यांचं. पाहून भागत नाही, हात लावावा लागतो.

आणि कुत्र्याच्या बाजूने? बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात लोकांना ९०००पासून १७-१७ वजा करत उलटं मोजायला लावलं. असं गणित कुणालाही घाम फोडेल! त्याआधीचा आणि नंतरचा घाम आणि श्वास कापडावर टिपून कुत्र्यांना हुंगायला दिला. चार कुत्र्यांनी मिळून शंभरातल्या नव्वदाहून अधिक वेळा तणावाचा वास अचूक ओळखला. म्हणजे शोकात बुडालेल्या सभागृहात शिरताना आपल्याला दिसतात ते चेहरे, कुत्र्याला मात्र त्या हवेतच बरंच काही कळत असणार.

म्हणूनच त्यांचाही विचार करावा लागतो. थकलेला कुत्रा झोप नसताना जांभया देतो, ओठ चाटतो, मान फिरवतो. चांगला स्वयंसेवक हे ताबडतोब ओळखतो आणि गर्दी कितीही असो, त्याला बाहेर नेतो, जॅकेट काढतो, चेंडू टाकतो, झोपू देतो. मला या कामातलं हे कौशल्य सर्वांत मोलाचं वाटतं, कारण कुत्रा नको म्हणतोय हे त्याच्याऐवजी माणसालाच सांगावं लागतं.

फ्लोरिडात पार्कलंडच्या मार्जरी स्टोनमन डग्लस शाळेत २०१८ साली १७ जण मारले गेले. तिथे आलेले असेच धीर देणारे कुत्रे, म्हणजे थेरपी डॉग, पुढच्या शैक्षणिक वर्षातही येत राहिले. वर्गात, मैदानात, परीक्षेच्या दिवसांत. २०१९चा वार्षिक अंक काढायची वेळ आली, तेव्हा विद्यार्थ्यांनी १४ कुत्र्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि आपल्या फोटोंसोबत त्यांचेही फोटो छापले.