रुपयाएवढा सेल : काम दहा वर्षांचं, जपणूक त्याहून मोठी



आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात दुधाचा पैसा बहुतेक घरांत दर दहा दिवसांनी येतो. संकलन केंद्रावरच्या पावतीवर लिटर, फॅट आणि तारीख छापून येते. लाईट गेली तरी अशा यंत्रातलं घड्याळ चालू राहतं, ते आतल्या छोट्या सेलमुळे. तो संपला की तारीख मागे जाते आणि हिशोबाचा घोळ होतो. असेच सेल साखर तपासायच्या यंत्रात, वजनकाट्यात, गाडीच्या किल्लीत आणि मुलांच्या खेळण्यांतही असतात.

सेलच्या पाठीवर पाहा. 'सीआर २०३२' किंवा 'बीआर २०३२' असं लिहिलेलं दिसेल. २० म्हणजे रुंदी २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. दोन्हींत एका बाजूला लिथियम हा धातू असतो. फरक असतो दुसऱ्या बाजूच्या पुडीत. सीआरमध्ये मँगनीज डायऑक्साइड असतं, तर बीआरमध्ये फ्लोरिन जोडलेला कार्बन.

हा कार्बन काही परका नाही. शिसपेनचं शिसं म्हणजे कार्बनच. त्याला फ्लोरिन जोडला की दोघांची गाठ फार घट्ट बसते. न चिकटणाऱ्या तव्यावरचा थरही कार्बन आणि फ्लोरिनचाच असतो, म्हणून तर तो सहजासहजी कशाला दाद देत नाही. सेल चालू झाला की लिथियम हा फ्लोरिन आपल्याकडे ओढून घेतं, त्यातून वीज मिळते आणि मागे नुसता कार्बन उरतो. कार्बनमधून वीज चांगली वाहते, त्यामुळे सेलचा जोर जवळजवळ शेवटपर्यंत एकसारखा राहतो.

जपानमध्ये क्योटोचे संशोधक नोबुआत्सु वातानाबे आणि मात्सुशिता कंपनीचे फुकुदा यांनी १९७० च्या सुमारास हा सेल घडवला. त्या कंपनीला आज आपण पॅनासॉनिक म्हणतो. नुसता ठेवला तर बीआर सेल वर्षाला साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी उतरतो, म्हणून दहा वर्षं टिकू शकतो. साधा सीआर सेल ६० अंशांपर्यंत चालतो, बीआर ८० अंशांपर्यंत. पत्र्याच्या शेडमधल्या उन्हाळ्यात हा फरक कामाचा. मात्र एकदम जास्त वीज लागते तिथे सीआर बरा. म्हणून यंत्रावर लिहिलेलाच प्रकार आणायचा.

आता महत्त्वाचं. मोबाईलच्या बॅटरीसारखे हे सेल पुन्हा चार्ज होत नाहीत. तसा प्रयत्न केला तर सेल फुगू शकतो, फुटूही शकतो.

त्याहून मोठा धोका लहान मुलांना. यातला सेल तीन व्होल्टचा असतो. मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या जागी वीज वाहू लागते. तिथे तीव्र अल्कली तयार होऊन दोन तासांतच आत खोल भाजू शकतं. 'संपलेला' सेलही निर्धोक नसतो. घड्याळ चालवायला तो कमी पडला, तरी भाजण्याइतकी वीज त्यात उरलेली असते.

मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट पाहू नका. ओकारी काढायला लावू नका, खायला देऊ नका. ताबडतोब एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. मूल एक वर्षाच्या वरचं असेल, त्याला गिळता येत असेल आणि बारा तास उलटले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध देता येतो, जास्तीत जास्त सहा वेळा. मात्र मधासाठी थांबायचं नाही, निघायचं आधी. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये.

खेळण्याच्या सेलचं झाकण स्क्रूने बंद होतं का, ते विकत घेतानाच पाहा. जुना सेल काढला की दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. चुलीत, उकिरड्यावर टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवायच्या असतात.

येत्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरात असे सेल कुठे कुठे आहेत, ते मोजून यावं. आकडा ऐकून आपण सगळ्याच चकित होऊ.