लाखाची गाडी आणि छोटा हत्ती

कुणी विड्या वळत ऐकत असाल, कुणी तव्यापाशी असाल. हात थांबवू नका, कान तेवढे इकडे द्या.

आज गाडीबद्दल बोलायचंय. आमचा गट कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतो. माल सोलापूरला पोचवायला रोज स्पेशल रिक्षा करावी लागते, कारण कुंभारीहून निघालेल्या शेअर रिक्षात माणसंच दाटीवाटीनं बसतात, आमचे डबे कुठं ठेवायचे? मागच्या बैठकीत एकीनं विषय काढला, "माझ्या भाच्याच्या ओळखीत एक नॅनो आहे, 2010 ची. साठ हजाराला देतोय. गटातून कर्ज काढू, गाडी आपली होईल." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण माझ्या दारात नॅनो आहे. मी म्हटलं, मला एक आठवडा द्या. त्या आठवड्यात जे वाचलं, विचारलं आणि आठवलं, ते गटाला सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगते.

नॅनोची गोष्ट सुरू होते एका स्कूटरवरून. भर पावसात एका स्कूटरवर नवरा, बायको आणि पोरं असं अख्खं कुटुंब चाललेलं रतन टाटांनी बघितलं, आणि अशा घराला परवडेल अशी सुरक्षित गाडी करावी हे त्यांच्या मनानं घेतलं. ते दृश्य आपल्याला नवं नाही. पुढं टाकीवर मोठा, मध्ये धाकटा, मागं पदर खोचून बसलेली आई, तिच्या हातात पिशवी. आपण सगळ्या तशाच बाजाराला गेलोय. एक लाखात गाडी देतो असं टाटा 2003 च्या सुमारास बोलले, तेव्हा मोटारीच्या धंद्यातली माणसं हसली. त्या काळात सगळ्यात स्वस्त गाडी होती मारुती 800, आणि तिलाही दोन लाखांच्या आसपास पडायचे.

गाडी घडली आपल्या पुण्यात. टाटा मोटर्सच्या तिथल्या केंद्रात गिरीश वाघ यांच्या हाताखाली मोठी टीम बसली आणि पैसा न् पैसा वाचवायला लागली. त्यांनी कुठंकुठं वाचवलं ते ऐका, आपल्यासारख्या घर चालवणाऱ्या बाईला ते लगेच कळेल. वायपर दोनाच्या जागी एक. चाकाला चाराच्या जागी तीन नट. साध्या मॉडेलला बाहेरचा आरसा एकाच बाजूला. इंजिन दोन सिलिंडरचं, 624 सीसीचं, आणि तेही मागच्या बाजूला. मागून उघडणारं दारच नाही. सामान ठेवायचं तर आतून सीट पाडायचं. पेट्रोल भरायचं तोंड पुढच्या झाकणाखाली. साध्या मॉडेलला एसी नाही. पण आत बसल्यावर जागा मात्र ऐसपैस. 10 जानेवारी 2008 ला दिल्लीच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दाखवली, आणि जगभरच्या पेपरांत तिचे फोटो आले.

आता कारखान्याचं बघा. तो व्हायचा होता पश्चिम बंगालमधल्या सिंगूरला. 2006 साली तिथली हजारेक एकर जमीन सरकारनं घेतली. भातशेतीची जमीन, कितीतरी शेतकऱ्यांना ती द्यायचीच नव्हती. मोठं आंदोलन झालं, ममता बॅनर्जी त्यात पुढं होत्या. शेवटी 3 ऑक्टोबर 2008 ला टाटांनी सिंगूर सोडत असल्याचं जाहीर केलं आणि कारखाना गुजरातमध्ये साणंदला गेला. पुढं 2016 मध्ये सुप्रीम कोर्टानं जमीन शेतकऱ्यांना परत द्यायला सांगितलं. दहा वर्षं गेली मध्ये. ज्याच्या बांधाला कधी मोजणीवाला येऊन गेलाय, त्याला ही दहा वर्षं काय असतात ते वेगळं सांगायला नको.

गाडीचंही त्यात नुकसान झालं. 23 मार्च 2009 ला मुंबईत ती बाजारात आली तेव्हा साणंदचा कारखाना तयार नव्हता. उत्तराखंडात पंतनगरला थोड्या थोड्या गाड्या निघत होत्या. बुकिंग झालं दोन लाखांच्या वर. मग एक लाख जणांची नावं सोडत काढून ठरवली. ज्यांना लगेच हवी होती ते वाट बघून कंटाळले. साणंद 2010 च्या जूनमध्ये सुरू झालं, आणि त्याच सुमारास काही नॅनो पेटल्याच्या बातम्या आल्या. गाड्या थोड्याच होत्या, पण टीव्हीवर जळती गाडी एकदा दिसली की ती डोळ्यांपुढून हलत नाही. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं धडकेची चाचणी घेतली, त्यात नॅनोला एकही तारा मिळाला नाही. तेव्हा चाचणीत घेतलेल्या आपल्याकडच्या दुसऱ्या लहान गाड्यांनाही मिळाला नव्हता, हेही सांगायला हवं.

पण मला विचाराल तर गाडी आगीनं किंवा सिंगूरनं बसली नाही. ती नावानं बसली. "जगातली सगळ्यात स्वस्त गाडी", "लखटकिया", हेच ज्याच्या त्याच्या तोंडी. स्कूटर विकून चारचाकी घेणाऱ्या माणसाला पेट्रोलची बचत हवी असतेच, पण त्याहून जास्त काय हवं असतं? दारात गाडी उभी राहिली की शेजाऱ्यानं बघावं, हे. त्याला तुम्ही म्हणालात, घे, ही सगळ्यात स्वस्त आहे, तर तो आणखी दोन वर्षं थांबून, कर्ज काढून दुसरी घेतो. रतन टाटांनीही पुढं कबूल केलं की स्वस्त म्हणून ती विकली गेली हीच चूक झाली. आपल्या इथलंच बघा. 2006 मध्येच कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार विडी कामगार बायकांना घरं मिळाली. त्यांच्यातली एक तरी म्हणते का, माझं स्वस्तातलं घर? माझं हक्काचं घर, असंच म्हणते.

2015 मध्ये मागचं दार उघडणारी, बिनगिअरचीही मिळणारी नवी नॅनो आली. पण तोवर नावाचा शिक्का बसला होता. 2018 मध्ये गाडी बंदच झाली. सगळ्या मिळून विकल्या तीन लाखांच्या आसपास, आणि कारखाना होता वर्षाला अडीच लाख गाड्या काढायचा.

आता याच कंपनीची दुसरी गाडी घ्या. नॅनोच्या आधी, 2005 च्या मे महिन्यात पुण्यातूनच एक छोटा टेम्पो बाहेर पडला. त्याच्यामागंही गिरीश वाघच होते. इंजिन तसंच दोन सिलिंडरचं, पण डिझेलचं. ताकद 16 घोड्यांची. पाऊण टनाचा माल. किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. नाव टाटा एस, पण त्या नावानं कोण ओळखतं? आपण म्हणतो छोटा हत्ती. ही गाडी करण्याआधी वाघ तीनचाकी टेम्पोवाल्यांशी बोलत फिरले. त्यातला एकजण म्हणाला म्हणे, माझ्याकडं चारचाकी असती तर गावात मला बरं स्थळ आलं असतं. बघा, मानाची गोष्ट इथंही आलीच! पण हा मान कमाईतून येणार होता. छोटा हत्ती वीस लाखांहून जास्त विकला गेला. भाजी, सिलिंडर, फरशी, मंडपाचं सामान, कुंभारीच्या फाट्यावर उभं राहून मोजा, पंधरा मिनिटांत चार दिसतील. त्याला कुणी स्वस्त म्हणून हिणवलं नाही, कारण तो दारात शोभेसाठी उभाच नव्हता. तो कामावर होता.

आता माझ्या नॅनोचं. 2019 मध्ये घेतली, जुनी, सत्तर हजाराला. त्रेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले मी. छत उंच असल्यानं माझ्या सासूबाई लुगडं सावरत न वाकता आत बसतात. मोठ्या गाड्यांत त्यांना उतरताना दोघी लागतात. गल्लीत ती एका दमात वळते. लिटरला अठरा-वीस किलोमीटर जाते. इंजिन मागं असल्यानं मागच्या सीटवर जरा मोठ्यानं बोलावं लागतं, पण आमच्या घरात कोण हळू बोलतंय? रात्री-अपरात्री शेजारणीला कळा सुरू झाल्या, कुणाची साखर उतरली, की माझंच दार वाजतं. अशा तीन बाळंतिणी पोचवल्या मी.

आणि हेही सांगते. थोरल्याची सोयरीक ठरवायला निघालो तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, गाडी गल्लीच्या तोंडालाच लावा, दारापर्यंत नको." मी लावली. त्या दिवशी लावली, याचं मला अजून वाईट वाटतं.

पण खरा ताप गाडीनं दिलाच नाही, कागदानं दिला. मध्यस्थ म्हणाला, आठ दिवसांत आरसी तुमच्या नावावर. मी पैसे मोजले. नंतर कळलं, पहिल्या मालकाचं बँकेचं कर्ज फिटलं होतं, पण आरसीवरचा बोजा उतरवलेला नव्हता. बँकेची एनओसी नाही, मालक दुसऱ्या जिल्ह्यात, मध्यस्थाचा फोन बंद. आठ महिने गाडी लिंबाखाली. आमचे हे म्हणायचे, हत्ती बांधलाय, माहुताचा पत्ता नाही. शेवटी मालकाला गाठून, त्याच्या पाया पडून काम झालं.

म्हणून जुनी गाडी बघायला जाल तेव्हा रंग नंतर बघा. आधी मोबाईलवर एम-परिवहन ॲपमध्ये नंबर टाका. मालक कोण, विमा कधीपर्यंत, बोजा आहे का, ते दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात, त्यावर मालकाची सही तुमच्या समोर घ्या. विमाही तुमच्या नावावर व्हायला हवा. आणि गाडी पंधरा वर्षांची झाली असेल, तर आरटीओत तपासणी करून नोंदणी पुन्हा करावी लागते, वर पर्यावरण कर. भाच्याच्या ओळखीतली ती 2010 ची नॅनो नेमकी त्याच वळणावर आहे. साठ हजाराला का देतोय, हे तिथंच कळलं.

बैठकीत मी हे सांगितलं आणि आणखी दोन गोष्टी विचारल्या. आरसी कुणाच्या नावावर करायची? अध्यक्षबाई उद्या लेकीकडं पुण्याला राहायला गेल्या तर? आणि पांढऱ्या पाटीची गाडी घरच्या वापराची असते. धंद्याचा माल वाहताना अपघात झाला आणि विमा कंपनीनं हात वर केले, तर भरपाई कोण देणार? सगळ्या गप्प.

मग आमच्यातली सगळ्यात लहान सून बोलली. "कडक भाकरी महिनाभर टिकते. मग आपण रोज का नेतो?"

खरंच, का नेतो? रोजची सवय! चोवीस दिवस, दिवसाला तीनशे, म्हणजे महिन्याला सात हजार दोनशे रुपये आम्ही सवयीचे भरत होतो. मग शेजारच्या दोन गटांशी बोललो, आणि गावातल्याच एका छोट्या हत्तीवाल्याशी ठरवलं. आठवड्याला तीन खेपा, एका खेपेचे सहाशे, तीन गटांत वाटून. आमच्या वाट्याला महिन्याला येतात चोवीसशे. गाडी घ्यायचा विषय वर्षभर पुढं ढकलला. तोवर या सुनेनं लायसन काढायचं ठरवलंय. साधं मोटारीचं लायसन असलं तरी छोटा हत्ती चालवता येतो. साडेसात टनांपर्यंतच्या गाडीला ते चालतं, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2024 मध्ये पक्कं केलंय. शिकायला गाडी माझी आहेच.

परवा सोमवारी पहिली खेप गेली. भाकरीचे चाळीस डबे, चटणीचे पंचवीस किलो, आणि पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी आमच्या अध्यक्षबाई, गॉगल लावून.