बरणीतून निसटलेली अळी

लिंबोणीच्या किंवा कढीलिंबाच्या झाडावरील एखादी अळी आणून ती काचेच्या बरणीत पाळावी, हा छंद पुष्कळ घरांतील मुलांस असतो. मग एके दिवशी सकाळी बरणीच्या तोंडावरील फडके सैल झालेले दिसते, आत पाने तशीच राहिलेली असतात आणि अळीचा मात्र पत्ता नसतो. मूल रडकुंडीस येते. आपण कामाच्या घाईत असतो. ‘फुलपाखरू होऊन उडून गेली असेल,’ असे सांगून त्याची समजूत घालण्याचा मोह आपणांस होतो. परंतु कालपर्यंत पाने खाणारी अळी रातोरात उडू शकत नाही, एवढे मुलालाही कळते. त्यापेक्षा त्याच्याबरोबर शोधास लागावे. हा शोध वाटतो तितका निष्फळ ठरत नाही.

प्रथम त्या खोलीतील केर काढणे थांबवावे. हरवलेल्या अळ्यांपैकी कितीतरी केरसुणीखाली किंवा पायांखाली जात असतील. मुंग्या-झुरळांसाठी औषध फवारण्याचा बेत असल्यास तोही पुढे ढकलावा; झुरळाला मारणारे औषध अळीलाही मारते.

यानंतर बरणीकडेच नीट पाहावे, कारण अळी का गेली हे तेथेच कळते. आतील पाने सुकून कुरकुरीत झाली असतील, तर ती भुकेने बाहेर पडली आहे. पाने ताजी असून तळाशी नेहमीच्या कोरड्या, गोल लेंड्यांऐवजी ओलसर, पातळ घाण पडलेली असेल, तर गोष्ट निराळी आहे. अळीची वाढ पूर्ण झाली, तिने पोट रिकामे केले आणि कोषासाठी जागा शोधावयास ती निघाली, असा त्याचा अर्थ होतो. रानातही ती हेच करते; पुष्कळदा खाण्याची फांदी सोडून दूर जाऊन कोष करते. अळी चांगली बोटाच्या दोन पेरांएवढी आणि हिरवीगार झाली होती, असे मूल सांगत असेल, तर हीच शक्यता अधिक.

भुकेली अळी फार दूर जात नाही, पण फार वेळ तगही धरत नाही. तिच्या डोळ्यांना उजेड-अंधाराहून फारसे काही दिसत नाही; म्हणून ताजी डहाळी बरणीपासून दूर ठेवून उपयोग नाही, ती जवळपासच दोन-तीन ठिकाणी ठेवावी. डहाळी लिंबू, संत्रे, बेल किंवा कढीलिंब यांपैकी, आणि शक्य तर मूळ झाडाचीच असावी. जास्वंदीची पाने समोर असली तरी ही अळी उपाशी मरेल. बाजारातील कढीलिंबावर औषध मारलेले असण्याचा संभव असतो, हेही लक्षात घ्यावे.

कोषासाठी निघालेली अळी मात्र बहुधा वर चढते. विजेरी घेऊन मेजाची खालची बाजू, खुर्चीचे पाय, खिडकीची चौकट, पडद्यांच्या चुण्या, तसबिरींच्या कडा व खुंटीवरचे कपडे पाहावेत. ती चालताना सापडली तर चिमटीत धरू नये. तिच्यापुढे कागद धरावा, म्हणजे ती आपणहून त्यावर येईल. मानेमागून नारिंगी रंगाचे दुभंगलेले शिंगासारखे काहीतरी बाहेर काढून तिने उग्र दर्प सोडला, तर भिऊ नये. तो केवळ धाक असतो. ती दंशही करीत नाही. बरणीत परत ठेवताना आत एक खरखरीत काडी उभी करावी.

कमरेभोवती रेशमी धागा घेऊन ती एका जागी स्थिर झाली असेल, तर तिला मुळीच हलवू नये. साधारण एका दिवसात कातडी टाकून तिचा कोष होतो. पुष्कळदा त्याचा रंग हिरवा किंवा तपकिरी असा भोवतालाशी जुळता असतो. त्यामुळे काल पाहिलेली जागाही आज पुन्हा पाहावी. पाल आणि मुंग्या यांपासून जपण्यासाठी जाळीचे फडके सैल अडकवले तरी पुरे. कोष खाली पडला असेल, तर तो खरखरीत पुठ्ठ्याशी टेकवून ठेवावा. बाहेर आलेल्या फुलपाखराला चढून पंख खाली सोडावयास जागा मिळाली नाही, तर ते चुरगळलेले सुकतात आणि मग कायमचे तसेच राहतात.

लिंबावरचे काळे-पिवळे फुलपाखरू, ज्याला कार्ल लिनिअस याने १७५८ साली पॅपिलिओ डेमोलिअस हे नाव दिले, उबदार हवेत आठवडा-दीड आठवड्यात बाहेर येते. दिल्ली-ग्वाल्हेरकडील थंडीत हाच काळ कित्येक आठवडे लांबू शकतो. कोष मेला असे समजून टाकून देऊ नये. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले निळे-काळे फुलपाखरूही याच कुळातील असून त्याची अळीही लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढते. (लिंबाच्या बागाइतदारांना या अळ्यांचे कौतुक नाही, आणि त्यांचेही खरेच आहे, कोवळ्या रोपांची पाने त्या भराभर संपवितात.) कधी कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्यांसारखे कीटक निघतात. त्यांनी आधीच कोषात अंडी घातलेली असतात. हे मुलापासून लपवू नये.

बाहेर पडणे बहुधा सकाळी होते. पंख वाळेपर्यंत तास-दोन तास हात लावू नये, पंखा बंद ठेवावा, मग खिडकी उघडावी. पडद्यावर गढूळ द्रवाचे एक-दोन थेंब दिसले तर ते रक्त नव्हे. कोषातील साठलेले टाकाऊ द्रव्य ते बाहेर पडताना टाकते. लगेच साध्या पाण्याने धुवावे.