जखमेला हात न लावता जखम सांभाळणारी परिचारिका

ऑपरेशननंतर टाके पिकले की आपण लगेच ड्रेसिंगला दोष देतो. रोजंदारीवरच्या माणसाचे तर त्यात पंधरा-वीस दिवस बुडतात. पण या संसर्गाचं मूळ बरेचदा ऑपरेशन टेबलावरच असतं. तिथे भूल विभागातली परिचारिका जखमेला हातही लावत नाही. तरीही तिच्या हातात बरंच काही असतं. कसं, ते पाहू.

१. अँटिबायोटिकची वेळ : चिरा पडला की जंतूंना वाट मिळते. म्हणून औषध त्याआधीच पेशींपर्यंत पोहोचलेलं हवं. सेफाझोलिन चिरा देण्याच्या आधीच्या ६० मिनिटांत देतात. व्हॅन्कोमायसिन हळूहळू सोडावं लागतं, म्हणून ते १२० मिनिटांच्या आत सुरू करतात. ऑपरेशन लांबलं तर सेफाझोलिनचा डोस साधारण ४ तासांनी पुन्हा लागतो. म्हणून दिल्याची वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना आठवण करा.

२. शरीराची ऊब : भुलेमुळे रक्तवाहिन्या सैल होतात, आतली उष्णता त्वचेकडे येऊन निघून जाते. रुग्ण थंड पडला की जखमेला रक्त आणि ऑक्सिजन कमी मिळतो, पांढऱ्या पेशीही मंदावतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनचे २०० रुग्ण होते. थंड राहिलेल्या गटात १९ टक्के, तर उबदार ठेवलेल्या गटात फक्त ६ टक्के रुग्णांना संसर्ग झाला! म्हणून तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नका. गरम हवेचं पांघरूण, कोमट सलाइन वापरा.

३. हात आणि सुया : घशात नळी घालताना हातमोज्यांना लाळ लागते. तेच हातमोजे सलाइनच्या पोर्टला लावले तर जंतू थेट रक्तात जाऊ शकतात. म्हणून हातमोजे काढा, हात स्वच्छ करा, पोर्ट स्पिरिटने घासून वाळू द्या, मगच इंजेक्शन द्या. प्रोपोफॉल स्निग्ध असतं, त्यात जंतू झपाट्याने वाढतात. उरलेलं दुसऱ्या रुग्णासाठी कधीच ठेवू नका.

४. साखर : ऑपरेशनच्या ताणाने साखर वाढते, मधुमेह नसला तरीही. ती वाढली की प्रतिकारशक्ती कमी पडते. सांगितलेल्या वेळी तपासा आणि नोंद करा.

थोडक्यात काय, तर वेळ, ऊब, स्वच्छता आणि साखर, ही चार कामं लक्षात ठेवा.

विचार करा : गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मांडीला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवला आणि मग अँटिबायोटिक दिलं, तर ते जखमेपर्यंत पोहोचेल का? उत्तर कारणासह वहीत लिहा.