जुना तंबोरा बोलू लागतो

गवयाच्या मागे बसून कोणी तंबोरा छेडीत असला, म्हणजे पाहणाऱ्याचे लक्ष त्याच्याकडे सहसा जात नाही. तंबोऱ्यावर राग वाजत नाही, तान निघत नाही. चार तारा एकामागून एक छेडावयाच्या, पुन्हा पहिलीपासून आरंभ करावयाचा, एवढेच त्याचे काम. परंतु त्या चार तारांचा नाद बिघडला, तर मोठमोठ्या गवयांचेही गाणे अडते. म्हणून तंबोरा विकत घेणे, आणि त्यातही जुना तंबोरा विकत घेणे, ही डोळ्यांपेक्षा कानांनी करावयाची खरेदी होय.

जुने तंबोरे नाना ठिकाणी सापडतात. एखाद्या घरी आजोबा गात असत. त्यांच्या मागे तंबोरा माळ्यावर गेला व धूळ खात पडला. एखादी गायनशाळा बंद झाली आणि तिचे सामान विक्रीस निघाले. अशा तंबोऱ्याच्या तारा गंजलेल्या असतात, रोगण काळवंडलेले असते, एखादी खुंटीही हरवलेली असते. अजाण माणूस तो पाहून म्हणतो, "हे आता सरपणाचेच लाकूड!" जाणता माणूस मात्र प्रथम दांडी पाहतो. तंबोरा डोळ्यांसमोर आडवा धरून तो टोकापासून टोकापर्यंत नजर लावतो. तारांचा ताण वर्षानुवर्षे सोसून दांडी वाकली असेल, तर ती सरळ करणे फार कठीण. असा तंबोरा स्वस्तात मिळाला तरी महागच पडतो. त्यानंतर लाकडाला भुंग्याने पोखरले आहे की काय ते पाहावयाचे. मग तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसविलेल्या लाकडी पाटीवर, बोटाच्या पेराने हलकेच ठोकून आवाज ऐकावयाचा. ती खचली असेल किंवा तिचा सांधा सुटला असेल, तर आवाज फुटका येतो. भोपळ्याला गेलेली तडा पाहून पुष्कळ लोक घाबरतात. परंतु तडेचे भय वाकलेल्या दांडीइतके नाही. तडा सांधता येते.

हे सांधण्याचे काम महाराष्ट्रात जेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, ते गाव म्हणजे सांगली जिल्ह्यातील मिरज. मुळशी तालुक्यातील मारुंजीसारख्या गावाहून ते रस्त्याने सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. तरीही पुण्याकडील कित्येक गायक आपला तंबोरा दुरुस्तीसाठी तेथेच नेतात. मिरजेत हा धंदा कसा आला, ती कथा मोठी नवलाची आहे. तेथील शिकलगार कुटुंबे मूळची हत्यारांना धार लावणारी. इंग्रजी अमलात तलवारी-भाल्यांची मागणी सरली आणि त्या कसबी हातांना काम उरले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब नावाच्या कारागिराने वाद्यांच्या दुरुस्तीस हात घातला, आणि पुढे सतारी व तंबोरे घडविण्यास प्रारंभ केला, असे सांगतात. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती. तिचाही ह्या धंद्याला आधार मिळाला. ज्यांचे पूर्वज पोलादाला पाणी देत, ते घराणे लाकूड व भोपळा हाताळू लागले आणि 'सतारमेकर' हेच त्यांचे नाव पडले. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही लाभले.

पहिली गोष्ट भोपळ्याची. हा भोपळा भाजीचा नव्हे. तो चवीला कडू, आकाराने प्रचंड, आणि वाळल्यावर त्याची साल लाकडासारखी टणक होते. भीमेच्या काठी, पंढरपूरच्या बाजूस, शेतकरी तो मुद्दाम पिकवितात. मोठ्या तंबोऱ्याचा भोपळा घेराने सव्वा ते दीड मीटर भरतो. एवढा भोपळा शेतात वाढू द्यावयाचा, तो सडू न देता वाळवावयाचा आणि न फोडता मिरजेपर्यंत पोहोचवावयाचा, हेही एक कसबच आहे. जुन्या तंबोऱ्याच्या भोपळ्यास तडा गेली असेल, तर कारागीर तिच्या कडा जुळवून सरस भरतो, आतल्या बाजूने कापडाच्या पट्ट्या चिकटवितो आणि ते सारे सावकाश वाळू देतो. येथे घाई चालत नाही. ओला सांधा तारांच्या ओढीने पुन्हा उकलतो. दांडी बहुधा तून नावाच्या झाडाच्या लाकडाची असते. ते लाकूड हलके असून त्यावर हत्यार चांगले चालते.

खुंट्यांचे काम त्या मानाने लहान. खुंटी झिजली की तार चढविताच मागे फिरते. किंचित खडू लावल्याने पुष्कळदा काम भागते. न भागल्यास नवी खुंटी कातून भोकात नेमकी बसवावी लागते. जुन्या तारा मात्र सर्व काढून टाकाव्या. मधल्या दोन तारांना जोड म्हणतात, त्या पोलादी असतात; शेवटची खर्जाची जाड तार पितळेची असते. पहिली तार बहुतेक रागांत पंचमात जुळवितात.

आता दुरुस्तीचा गाभा येतो, तो म्हणजे जवारी. तबलीवर घोडी नावाचा लहानसा रुंद पूल असतो व त्याच्या पाठीवरून तारा जातात. ही पाठ सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिला अतिशय मंद उतार दिलेला असतो. तार थरथरू लागली, की ती ह्या उताराला क्षणोक्षणी टेकते व सुटते. त्यामुळे एका तारेतून एकच नीरस स्वर न निघता त्याच्या पोटातील अनेक बारीक स्वर उमलून वर येतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये कारागीर सुताचा एक दोरा सरकवितो. तो केसभर पुढे गेला तर आवाज बोदा होतो, केसभर मागे गेला तर कर्कश होतो. नेमक्या जागी आला, की तार गुंजू लागते.

ह्या गुंजनाने सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनाही विचारात पाडले होते. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूपाशी जे बारीक स्वर स्थिर असावयास हवेत ते ऐकू येऊ नयेत, असा भौतिकशास्त्राचा नियम सांगितला जाई. परंतु तंबोऱ्यात व वीणेत ते स्वर स्वच्छ ऐकू येतात. घोडीच्या वक्र पाठीमुळे असे घडते, हे रामन यांनी 1921 साली एका लेखात दाखविले. नोबेल पारितोषिक त्यांना नंतर, 1930 साली, प्रकाशाच्या संशोधनासाठी मिळाले. पण वाद्यांविषयीचे त्यांचे कुतूहल त्याच्या आधीचे.

घोडीवर तारा वर्षानुवर्षे घासल्याने बारीक चर पडतात आणि जवारी मरते. मग कारागीर कानस घेऊन तिची पाठ पुन्हा घासतो. थोडे घासावयाचे, तार चढवावयाची, छेडावयाची, कान लावावयाचा, पुन्हा तार उतरवावयाची. ह्या कामाला माप नाही, पट्टी नाही. गरजेपेक्षा जास्त घासले गेले, तर ते भरून काढता येत नाही. घोडीच बदलावी लागते. म्हणून नवशिक्याच्या हाती चांगली घोडी सहसा देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ज्या किराणा घराण्याचा सूर आजही वाखाणला जातो, त्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ हे मिरजेसच राहिले होते. उत्तम कारागीर व उत्तम गवई एकाच गावात असले, म्हणजे एकाचा कान दुसऱ्याच्या हाताला तयार करतो.

विजेच्या गिटारची गोष्ट ह्याहून वेगळी आहे. तिला भोपळा लागत नाही. तिचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. पोलादी तारांखाली लोहचुंबक असून त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. तार हलली की त्या वेढ्यांत क्षीण वीज उत्पन्न होते, आणि ध्वनिवर्धक तिचा मोठा आवाज करतो. तेव्हा जुनी गिटार घेणारा दांडीबरोबरच सुटलेले डाख व धूळ शिरून खरखरणाऱ्या कळाही तपासतो. मात्र वाकलेल्या दांडीचे भय दोघांनाही सारखेच!

आज तंबोऱ्याचा नाद काढणारी लहान विजेची यंत्रे निघाली आहेत. भ्रमणध्वनीवरही तो ऐकता येतो. प्रवासात व एकट्याने रियाज करताना त्यांचा उपयोग होतो, हे नाकारता येत नाही. परंतु ज्याला स्वतःचा तंबोरा स्वतः जुळवावा लागतो, त्याचा कान रोज थोडा थोडा घडत जातो. यंत्राची कळ दाबणाऱ्याला तो लाभ होत नाही. मागणी घटली की कारागिरांच्या मुलांना दुसरा धंदा शोधावा लागतो, आणि जवारीची विद्या पुस्तकात लिहून ठेवता येण्याजोगी नाही.

शेवटी रोगण. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचे हात कापडाच्या बोळ्याने एकावर एक देतात. तंबोरा झळकू लागतो. तो घरी नेताना तारा थोड्या सैल करून, तंबोरा गोधडीत गुंडाळून, भोपळ्यावर भार येणार नाही असा आडवा ठेवावा. घरी आल्यावर पहिले काही दिवस नव्या तारा सारख्या उतरत राहतात. त्या रोज सकाळी जुळवाव्या लागतात. आठ-पंधरा दिवसांनी त्या स्थिरावतात, आणि मग सुताचा दोरा पुन्हा एकदा केसभर सरकवावा लागतो.