प्रसूतिपूर्व लक्षणे

गर्भारपणाच्या अखेरच्या काळात ज्या शारीरिक बदलांवरून प्रसूती जवळ आल्याचे किंवा सुरू झाल्याचे ओळखता येते, त्यांना प्रसूतिपूर्व लक्षणे म्हणतात. फ्रांट्स कार्ल नेगेले (१७७८–१८५१) या जर्मन प्रसूतितज्ञांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या नियमानुसार शेवटच्या मासिक पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने व सात दिवस (एकूण सु. २८० दिवस) मिळवून प्रसूतीची अपेक्षित तारीख काढतात. प्रत्यक्षात त्याच दिवशी प्रसूत होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा पाचच्या आसपासच असते. ३७ ते ४२ आठवड्यांच्या दरम्यान केव्हाही होणारी प्रसूती प्राकृत कालमर्यादेतील समजतात. म्हणून तारखेपेक्षा लक्षणांचे ज्ञान अधिक उपयुक्त ठरते.

ही लक्षणे भारतीय वैद्यकाला प्राचीन काळापासून परिचित आहेत. चरकसंहितेच्या शारीरस्थानात अंग गळून जाणे, छाती मोकळी वाटणे, कूस खाली उतरणे, कंबर, पाठ व जांघांत वेदना, योनीतून स्राव आणि अन्नाची अनिच्छा ही आसन्नप्रसवेची लक्षणे सांगितली असून त्यांनंतर ‘आवी’ म्हणजे वेणा व गर्भोदकाचा स्राव सुरू होतो, असे म्हटले आहे.

पूर्वसूचक लक्षणे : पहिलटकरणीत प्रसूतीपूर्वी सु. दोन ते तीन आठवडे गर्भाचे डोके श्रोणीत उतरते. त्यामुळे छातीखालचा दाब कमी होऊन श्वास घेणे सुलभ होते. मात्र मूत्राशयावर दाब पडून वारंवार लघवीस जावे लागते व चालताना जडपणा वाटतो. पूर्वी बाळंतपण झालेल्या स्त्रीत हा बदल पुष्कळदा वेणा सुरू झाल्यावरच होतो. याच सुमारास गर्भाशयाची ग्रीवा मऊ व आखूड होऊ लागते. ग्रीवेचे तोंड बंद ठेवणारा घट्ट श्लेष्मा सुटून रक्ताची छटा असलेला चिकट स्राव अंगावरून जातो. त्यानंतर काही तासांत वेणा सुरू होतात किंवा काही दिवसही जातात. त्यामुळे केवळ या लक्षणावरून प्रसूतीची वेळ ठरविता येत नाही.

खोट्या व खऱ्या कळा : गर्भाशय गर्भारपणात अधूनमधून आकुंचन पावत असतो. ही आकुंचने इंग्लिश वैद्य जॉन ब्रॅक्स्टन हिक्स (१८२३–९७) यांच्या नावाने ओळखली जातात. अखेरच्या आठवड्यांत ती जाणवू लागली म्हणजे त्यांना खोट्या कळा म्हणतात. त्या अनियमित असतात, बहुधा पोटाच्या खालच्या भागापुरत्या मर्यादित राहतात आणि विश्रांतीने किंवा हालचालीने थांबतात. खऱ्या कळा बहुधा कमरेत सुरू होऊन पोटाकडे येतात. त्यांच्यातील अंतर कमी होत जाते, जोर व कालावधी वाढत जातो आणि विश्रांतीने त्या थांबत नाहीत. तथापि निर्णायक भेद वेदनेत नसून ग्रीवेत असतो. खऱ्या कळांमुळे ग्रीवा क्रमाने उघडत जाते, खोट्या कळांमुळे उघडत नाही. म्हणून शंका असल्यास तपासणी करून घेणे हाच खात्रीचा मार्ग होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ मधील शिफारशींनुसार ग्रीवा ५ सेंमी. उघडल्यानंतर प्रसूतीच्या पहिल्या अवस्थेचा वेगवान टप्पा सुरू झाल्याचे मानतात.

पाणमोट फुटणे : गर्भवेष्टने फाटून गर्भोदक वाहू लागते. ते एकदम भळकन येते किंवा थेंबथेंब झिरपते व त्यामुळे पुष्कळदा लघवी समजले जाते. काही स्त्रियांत वेणांपूर्वीच पाणमोट फुटते. अशा वेळी जंतुसंसर्गाचा व नाळ खाली सरकण्याचा धोका असल्याने कळांची वाट न पाहता रुग्णालयात जावे. पाणी हिरवट असल्यास गर्भाने मलविसर्जन केलेले असते. ही बाब वैद्यांना त्वरित सांगावी.

तातडीची लक्षणे : पुढील लक्षणे ‘कळा सुरू झाल्या असतील’ अशा समजुतीने दुर्लक्षिणे घातक ठरते. पाळीसारखा किंवा त्याहून अधिक रक्तस्राव हा चिकट लालसर स्रावाहून सर्वस्वी भिन्न होय. वेदनारहित लालभडक रक्तस्राव वार ग्रीवेवर आल्याचे, तर पोट कठीण होऊन सतत दुखणे वार अकाली सुटल्याचे चिन्ह असू शकते. वारेचे स्थान निश्चित होईपर्यंत अशा स्त्रीची आतून तपासणी करू नये. तीव्र डोकेदुखी, अंधारी किंवा झटके, ताप आणि गर्भाची हालचाल मंदावणे हीदेखील तातडीची लक्षणे होत. ३७ आठवड्यांपूर्वी नियमित कळा येणे अथवा पाणी जाणे हे अकाल प्रसूतीचे लक्षण असू शकते. पूर्वी शस्त्रक्रियेने प्रसूती झालेल्या स्त्रीने कळा सुरू होताच रुग्णालय गाठावे.

पूर्वतयारी : पहिलटकरणीस सु. पाच मिनिटांच्या अंतराने तासभर नियमित कळा आल्यास रुग्णालयात जाणे योग्य असते. दुसरेपणी प्रसूती बहुधा लवकर होते. त्यामुळे अशा स्त्रीने, तसेच रुग्णालय दूर असल्यास कोणत्याही गर्भवतीने, याआधीच निघावे. महाराष्ट्रात पहिल्या बाळंतपणास माहेरी जाण्याची रूढी आहे. अशा वेळी आधीच्या तपासण्यांची कागदपत्रे बरोबर असणे व माहेराजवळील रुग्णालयात नाव नोंदविणे आवश्यक असते. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात नेण्या-आणण्याची सोय विनामूल्य आहे. [⟶ प्रसूतिविज्ञान].