सैनिकाचा अखेरचा हक्क

रणांगणीं पडलेल्या शिपायाचा गौरव सर्वत्र होतो. परंतु जो घरीं परतला आणि वार्धक्यानें अंथरुणावर निवर्तला, त्याची अखेरची व्यवस्था कोणीं पाहावी? अमेरिकेंत याचें उत्तर कायद्यानें दिलें आहे. १८६२ सालीं, यादवी युद्ध चालू असतां, राष्ट्रीय दफनभूमि स्थापण्याचा अधिकार अध्यक्ष लिंकन यांस मिळाला. ती सोय प्रथम सेवेंत असतां मेलेल्यांपुरतीच होती; १८७३ सालीं संघराज्याच्या बाजूनें लढून सन्मानपूर्वक निवृत्त झालेल्यांसहि ती लाभली.

आज माजी सैनिकास, त्याच्या पत्नीस वा पतीस व अज्ञान मुलांस या भूमींत जागा, नांव कोरलेली शिला व कायमची निगा विनामूल्य मिळते. निदान दोन गणवेषधारी सैनिक राष्ट्रध्वजाची घडी करून ती आप्तांच्या हातीं देतात. शवपेटी व दहन यांचा खर्च मात्र साधारणतः घरच्यांनींच करावयाचा असतो.

या साऱ्यास सेवामुक्तीचा दाखला लागतो. शोकाच्या घटकेस तो सांपडला नाहीं, तर हक्काची गोष्टहि विकत घेण्याचा प्रसंग येतो. म्हणूनच २०१६ सालापासून हयातींत पात्रता ठरवून घेण्याची सोय झाली आहे. मृत्यूचा विषय घरांत कोणास रुचत नाहीं. परंतु दाखला कोठें ठेवला आहे एवढें सांगून ठेवणें, ही मागें राहणाऱ्यांवरची मायाच होय.